मडमच्या फ्रॉकची पाठ

मास्तरांच्या हातात काहीही द्या, ते आधी ती वस्तू उलटी करून बघायचे. लग्नपत्रिका दिली तर आतला मजकूर राहिला बाजूला, पहिल्यांदा मागची कोरी बाजू बघणार. पेढ्यांचा बॉक्स दिला तर त्याचा तळ बघणार. एकदा माझ्या पुतणीच्या साखरपुड्याचा फोटो मी त्यांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे पालथा करून त्याचं कव्हर बघत बसले.

"मास्तर, फोटो पुढं आहे," मी म्हणालो.

"ते कळलं हो. पाठ बघू."

मास्तर लेडीज टेलर. रविवार कारंज्याच्या मागे आमची गल्ली आहे, तिथे माझं झेरॉक्स आणि फोटोफ्रेमचं दुकान, आणि माझ्या भिंतीला भिंत लावून त्यांचं. त्यांच्या मशीनचा आवाज माझ्याकडे यायचा, माझ्या हातोडीचा त्यांच्याकडे जायचा. वीस-पंचवीस वर्षं आम्ही एकमेकांची ही कटकट ऐकत काढली. मी तसा लवकर चिडणारा माणूस आहे. मास्तरांना चिडताच येत नव्हतं, आणि तुम्ही कधी अशा माणसाशेजारी दुकान टाकलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, त्यासारखा वैताग नाही.

पाठ बघण्यामागे त्यांचं एक तत्त्व होतं. ते म्हणायचे, "पुढची बाजू बाई आरशात बघून घेते. पाठ तिला दिसत नाही. पाठ दुनिया बघते. म्हणून पाठीची काळजी टेलरनं करायची." हे ब्लाउजपुरतं असतं तर आम्ही मान डोलावली असती. पण निवडणुकीच्या दिवसांत चौकात उमेदवाराचा दोन मजली कटआउट उभा राहिला, सगळी गल्ली मान वर करून बघत होती, तेव्हा मास्तर फेरी मारून त्याच्या मागे गेले. परत आल्यावर मी विचारलं, काय होतं? म्हणाले, "बांबू आहेत. पण बांधणी चांगली आहे."

त्यांचं दुसरं पेटंट वाक्य होतं, "आधी एक अर्जंट काम आहे, ते झालं की तुमचंच."

हे वाक्य त्यांनी किती बायकांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. माझ्या बायकोला ऐकवलं, माझ्या बहिणींना ऐकवलं. सटाण्याकडून लग्न होऊन आलेली एक बाई होती, ती पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "कितला दिन व्हई ग्यात, मास्तर! काय शे तुमनं हाई अर्जंट काम?" मास्तर नम्रपणे हसायचे आणि भिंतीकडे बोट दाखवायचे. भिंतीवर खिळ्याला एक पुठ्ठ्याची फाइल लटकलेली असायची. बाईला वाटायचं, असेल कुण्या मोठ्या घरच्या लग्नाचं काम. ती निघून जायची.

त्या फाइलीत काय आहे ते मला दुकान टाकल्यावर पाचेक वर्षांनी कळलं. ती फाइल त्यांनी दोन्ही हातांनी आणली आणि माझ्या काउंटरवर उघडली. आत एक चित्र होतं. जाड, पिवळा पडलेला कागद. त्यावर पेन्सिलीच्या चार-सहा रेघांत एक गोरी बाई उभी. एक हात कमरेवर, मान तिरपी, नाक जरा वर. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक. कंबर मुठीत मावेल एवढी, खाली घेर मात्र असा की दारातून बाई तिरपीच आत यावी. फुलं रंगाच्या फटकाऱ्यांची, लाल-पिवळी, मधेच हिरवा ठिपका. कोपऱ्यात कुणा परदेशी चित्रकाराची सही, तीही अशी की वाचता येऊ नये.

"सुंदर आहे," मी म्हणालो. "फ्रेम करायची?"

"छे! फ्रेम केली तर माप कसं घेणार? हेच ते अर्जंट काम."

मग त्यांनी हकिगत सांगितली. मास्तरांचे उस्ताद देवळाली कॅम्पात शिवणकाम करत. मास्तर त्यांच्या हाताखाली शिकले. त्याच्याही कितीतरी आधी, स्वातंत्र्यानंतरच्या पाच-दहा वर्षांत, कॅम्पातली एक मडम उस्तादांकडे हे चित्र घेऊन आली होती. तिकडच्या एका मोठ्या फॅशनवाल्याने काढलेलं आहे, मला हुबेहूब असाच फ्रॉक हवा, अर्जंट हवा, असं तिने सांगितलं. माप द्यायला मंगळवारी येते म्हणाली. उस्तादांनी शब्द दिला, चित्र ठेवून घेतलं. मंगळवारी मडम आली नाही.

"मग?"

"मग काय? उस्ताद वाट बघत राहिले. जाताना त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या. त्यांची कात्री आणि हे चित्र. म्हणाले, बेटा, दुकानात एकच काम राहिलं आहे. घेतलेलं काम टेलरनं ठेवून मरायचं नसतं. मी ठेवून चाललो, तू ठेवू नको. मी शब्द दिला."

"अहो, पण ती मडम आता असेल तरी का?"

"ते मडम बघेल," मास्तर म्हणाले. "आपण आपलं काम बघावं."

आमच्या गल्लीला मंगळवारी सुट्टी असते. त्या दिवशीही मास्तरांचं शटर अर्धं वर का असतं, हे कोडं मला तेव्हा उलगडलं. माप द्यायला आली आणि दुकान बंद दिसलं, असं व्हायला नको म्हणून. उस्तादांचं दुकान देवळालीत होतं, मास्तरांचं नाशकात, मडम तिथून इथवर पत्ता विचारत येणार कशी, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि ते मला पटलंही असतं.

अडचण मापाची होती. टेलरच्या धंद्यात माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाई मापाचा म्हणून दहा वर्षांपूर्वीचा ब्लाउज घेऊन येते, दहा वर्षांत तिचं काय झालं ते सगळ्यांना दिसत असतं, तरी टेलर चकार शब्द काढत नाही. दिलेल्या मापानेच शिवायचं. फार तर आतल्या शिलाईत दोन बोटं कापड सोडायचं. मडमने माप दिलं नव्हतं. दिलं होतं ते चित्र. तेव्हा चित्र हेच माप, असं मास्तरांनी ठरवलं होतं, आणि त्यासाठीच ते माझ्याकडे आले होते.

"मोठी झेरॉक्स काढा."

"केवढी?"

"बाईएवढी."

"बाई केवढी होती?"

इथे मास्तर थांबले. उस्तादांनी मडमचं सगळं वर्णन केलं होतं, पण उंची सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, घेऊन आले. वहिनी मखमलाबादच्या, माहेरी फुलांचा मळा, बोलणं रोखठोक. मास्तरांनी माझ्या दुकानात त्यांना स्टुलावर बसवलं आणि डोक्यापासून हनुवटीपर्यंत टेप लावली.

"आता थोबाडाचं बी माप?" वहिनी म्हणाल्या.

"चेहरा सगळ्यांचा साधारण सारखाच असतो," मास्तर मला समजावून सांगू लागले. "मडमचा चेहरा हिच्याएवढा होईपर्यंत चित्र वाढवत न्या. मग बाकीची मडम आपोआप बरोबर येईल."

तर्कात मला खोट काढता आली नाही. मी चित्राचे तुकडे पाडून वाढवत गेलो. एकवीस मोठे कागद झाले. माझ्या दुकानात फ्रेमांमुळे पाय ठेवायला जागा नाही, म्हणून मंगळवारी, गल्ली रिकामी बघून, आम्ही ते कागद रस्त्यावर जुळवून चिकटवले. मडमचं डोकं पानवाल्याच्या पायरीशी गेलं आणि टाचा माझ्या उंबऱ्याला लागल्या. मास्तर टेप घेऊन गुडघ्यांवर रांगत होते. आम्ही चार माणसं खाली मान घालून भोवती उभे. तेवढ्यात एक रिक्षावाला आला, त्याने रिक्षा बंद केली, टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

माप निघालं. उंची सात फुटांना दोन इंच कमी. कंबर सोळा.

मी हसून हसून पायरीवर बसलो. मास्तर मापाच्या वहीत लिहीत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "उंच होती. माप घ्यायला उस्तादांना खुर्चीवर चढावं लागलं असतं." मग थोडा विचार करून म्हणाले, "कंबरेला दोन्हीकडे दोन-दोन इंच आत सोडतो. इतक्या वर्षांत अंग सुटतंच."

पण ते कागद त्यांनी उलटे केले आणि त्यांचा चेहरा उतरला. मागे काहीच नव्हतं. खरं म्हणजे चित्राची मागची बाजू त्यांनी शेकडो वेळा बघितली असणार. तिथे उस्तादांच्या हातचं 'मंगळवार' एवढंच लिहिलेलं होतं. तरी मोठी मडम उलटी केल्यावर मागे निदान एखादं हूक दिसेल, अशी त्यांना आशा असावी. "पाठ नाही," ते म्हणाले. "पाठ नाही तर फ्रॉक कसा शिवायचा?"

पुढची काही वर्षं मडमची पाठ शोधण्यात गेली. मी इंटरनेटवरून जुन्या मडमांची चित्रं काढून द्यायचो, सगळ्या पुढे तोंड करून उभ्या. दरम्यान कापड शोधणंही चालू होतं. मेन रोडवरच्या दुकानांत मास्तर चित्र घेऊन जायचे आणि तसली फुलं मागायचे. दुकानदार गुलाब दाखवायचे, कमळं दाखवायचे, एकाने तर अननस दाखवले. शेवटी त्यांनी चित्र थेट फुलबाजारात नेलं. तिथे हार करणाऱ्या बायका एकमेकींच्या हातातून चित्र ओढून बघू लागल्या. एक म्हणाली झेंडू, दुसरी म्हणाली ॲस्टर. दोघींचं इतकं जुंपलं की चित्र फाटायच्या बेताला आलं, म्हणून मास्तर पळून आले.

निकाल वहिनींनी दिला. "हे कुठलंच फूल नाय. मी जल्मापासून फुलांत हाय, असलं फूल नसतं. त्या माणसानं नुस्ता रंग उडवला."

"म्हणजे मिळणार नाही?"

"मिळंल कसं? काढावं लागंल."

आणि त्यांनीच ते काढलं. मास्तरांनी पांढरं पॉपलीन आणलं, वहिनींनी कापडावर लावायचे रंग आणले आणि रोज दुपारी जेवणं झाली की घरात सतरंजीवर कापड पसरून त्या फुलं रंगवायला बसल्या. घेर म्हणजे काय थोडाथोडका घेर! दोन दिवाळ्या गेल्या त्यात. सुरुवातीची फुलं चित्राबरहुकूम होती, लाल-पिवळ्या फटकाऱ्यांची. पण हात कुणाचा काय ऐकतो? खाली खाली येता येता फुलाला पाकळ्या फुटल्या, पाकळ्या बारीक झाल्या, दाट झाल्या. काठाशी पोचेपर्यंत ती सरळसरळ मखमलाबादची शेवंती झाली होती. मास्तरांच्या ते लक्षात आलं होतं. पण पिवळा रंग संपला की तेच नवा आणून द्यायचे.

एव्हाना त्यांचे हात थरथरायला लागले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं तरी सुईत दोरा ओवून घ्यायला ते माझ्याकडे यायचे. सुई पुढे करायचे आणि दुसरीकडे बघायचे, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे. मी चिडायचो, कारण काउंटरवर गिऱ्हाईक असायचं. आता वाटतं, एवढं काय अडलं होतं गिऱ्हाइकाचं? एकदा दोरा ओवून दिला तेव्हा ते म्हणाले, "हात आहेत तोवर व्हायला पाहिजे हो. मी गेल्यावर हे काम कुणाला देऊ? माझ्यामागे शिवणारं कुणी नाही." मी म्हणालो, होईल. दुसरं काय म्हणणार?

आणि नेमका तेव्हाच माझ्या मेहुणीच्या मुलीने घोळ घातला. ती पुण्यात फॅशन डिझायनिंग शिकवते. मोठी हुशार, आमच्या घरात तिच्याइतकं शिकलेलं कुणी नाही. सुट्टीत आली होती. मीच मोठ्या हौसेने तिला शेजारी नेलं. मास्तरांनी पाय धुऊन आल्यासारखं आदराने चित्र बाहेर काढलं, मापाची वही उघडली, कापलेलं पुढचं अंग टेबलावर पसरलं. पोरीने वही वाचली, चित्र बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"काका, हे चित्र ओरिजिनल आहे! पण... तुम्ही याच मापाने कापलंय?"

"दिलं तेच माप."

"अहो काका, स्केचमध्ये बाई अशीच काढतात. मुद्दाम. पाय लांब, कंबर बारीक. कपडा छान दिसावा म्हणून. खरी बाई अशी नसते."

मास्तरांनी चष्मा काढला. "म्हणजे ही बाई नव्हती?"

"ज्या आल्या त्या मॅडम असतील. पण ही त्या नाहीत. ही कुणीच नाही."

मास्तर तिला "बरं" म्हणाले, चहा मागवला, तिच्या कुर्त्याची पाठीमागची शिलाई उसवली होती ती दोन टाके घालून दिली. मग त्यांनी चित्र फाइलीत ठेवलं, कापड घडी करून कपाटात ठेवलं आणि कपाटाला कडी घातली.

त्यानंतर जे झालं त्याने सगळी गल्ली हादरली. मास्तर वेळेवर ब्लाउज द्यायला लागले.

बुधवारी देतो म्हणाले की बुधवारी. संध्याकाळी पाच म्हणाले की पाच. तुम्हाला वाटेल, बायका खूश झाल्या असतील. अजिबात नाही. मास्तर दोन महिने लावणार हे धरून बायका दोन महिने आधी कापड टाकायच्या. आता नवरीचा ब्लाउज चार दिवसांत तयार, आणि लग्नाला अजून नऊ आठवडे! तोवर नवरी जाड होणार की बारीक होणार, कोण सांगणार? सटाण्याची बाई ब्लाउज हातात घेऊन माझ्याकडे आली, तिच्या डोळ्यांत पाणी. "मास्तरनी तब्येत बरी शे ना?" तिने विचारलं.

तब्येत बरी नव्हतीच. मंगळवारी शटर पूर्ण खाली होतं. मी सोमवारी नवं कॅलेंडर दिलं तर त्यांनी ते उलटं न करता तसंच खिळ्याला लावलं. मी काहीतरी करायचं म्हणून इंटरनेट धुंडाळलं आणि कुठल्याशा देशातल्या एका बास्केटबॉल खेळणाऱ्या बाईचा रंगीत प्रिंट काढून त्यांच्यापुढे ठेवला. "ही बघा. जवळजवळ सात फूट. असतात बाया."

मास्तरांनी बघितलं. "कंबर छत्तीस आहे," ते म्हणाले आणि प्रिंट मला परत दिला. त्यांची नजर टेपच होती.

शेवटी वहिनी आल्या. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो, आणि ऐकत होतो हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

"कडी काढा."

"अगं, ती बाईच नाही."

"नसंना. दोन वर्सं दुपारची झोप मोडून मी फुलं काढली ती काय कपाटात ठिवाया? मान मोडली माझी. मला कुठं ठाऊक व्हती तुमची मडम? तरी फुलं काढली का नाय? तुमच्या उस्तादाला सबूद तुम्ही दिला व्हता का त्या मडमनं?"

मग कडीचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, "पण अंगावर कुणाच्या जाणार? उस्ताद म्हणायचे, अंगावर जाईस्तोवर ते नुसतं कापडच."

"आधी शिवा. अंगाचं मी बघते."

थोड्या वेळाने मशीन सुरू झालं. सुटका झाल्यासारखं मी कपाळ पुसलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोने ब्लाउजबद्दल विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "आधी एक अर्जंट काम आहे." तिने घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

फ्रॉक पुरा झाला तो दिवस मला लख्ख आठवतो. सकाळची अकराची वेळ. मास्तरांनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुकानाच्या छताच्या हुकाला फ्रॉक टांगला होता आणि तरी त्याचा काठ जमिनीला टेकत होता. गल्लीतले आम्ही सगळे बघायला गेलो. खोटं कशाला सांगू, मी हसायच्या तयारीनेच गेलो होतो. पण समोरून तो फ्रॉक बघितला आणि चित्रातली ती नाक वर केलेली बाईच उभी राहिल्यासारखं वाटलं. तीच कंबर, तोच घेर, तीच मिजास. हसू आलंच नाही.

"आणि पाठ?" मी विचारलं.

मास्तरांनी फ्रॉक हळूच फिरवला.

मागे खोल मटका गळा होता, मडक्याच्या आकाराचा. गळ्याला सोनेरी पायपिंग, वर बांधायला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकांना हाताने केलेले दोन भरघोस लटकन. लग्नसराईत नाशकातल्या प्रत्येक करवलीच्या पाठीवर असतं ते सगळं. सात फुटी परदेशी मडम, पाठमोरी झाली की थेट हळदीला निघालेली.

आम्ही इतके हसलो की पानवाला गिऱ्हाईक सोडून धावत आला. मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. लटकनचा एक धागा सरळ करत ते म्हणाले, "पुढचं मडमनं सांगितलं तसं केलं. मागचं तिनं सांगितलंच नव्हतं. मग तेवढं माझं."

मी दुसऱ्या लटकनचा धागा सरळ केला.

संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत मास्तर गेले. आजार असा नाही. दुपारी जेवून दुकानातच आडवे झाले ते उठले नाहीत. फ्रॉक तसाच हुकाला होता. आम्ही त्यांना उचलून नेताना तो दारातून येणाऱ्या वाऱ्याने हलत होता, आणि मला त्याचा राग आला. एवढं सगळं केलं त्या माणसाने, आणि ते अजून कापडच.

महिन्याभराने वहिनी चित्र घेऊन माझ्याकडे आल्या. "आता करा फ्रेम. आता माप नाय घ्यायचं." मी आयुष्यात पहिल्यांदाच एका फ्रेमला दोन्ही बाजूंनी काच बसवली. पुढून मडम दिसते, उलटी केली की मागे 'मंगळवार' दिसतं. दुसरी कुठलीही फ्रेम मास्तरांनी माझ्या हातून घेतली नसती. वहिनींनी पैशाची गोष्ट काढली तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलो. त्या जाताना म्हणाल्या, "रविवारी मळ्यात या. वाट वाकडी करून या."

मी गेलो. मखमलाबादच्या पुढे, रस्त्याला लागूनच त्यांच्या भावाचा मळा. शेवंती ऐन भरात होती. आणि त्या पिवळ्या रानाच्या मधोमध, जमिनीपासून वीतभर उंच, मडम उभी होती.

उंच बांबू रोवला होता. त्याला आडवा बांबू बांधून खांदे केले होते, आणि खाली घेरासाठी काठ्यांचा सांगाडा. कंबरेपाशी नुसता बांबू. सोळा इंचांचा फ्रॉक त्याच्यावर ढिलाच पडला असता, म्हणून वहिनींनी आतल्या बाजूने पेंढा भरून कंबर बरोबर मापात आणली होती. मडम जाड झाली असली तर म्हणून मास्तरांनी सोडलेले इंच तसेच शिलाईत राहिले होते. वारा आला की घेर फुगायचा. कापडावरची शेवंती कुठे संपते आणि मळ्यातली कुठे सुरू होते, ते लांबून कळत नव्हतं.

वहिनींचा भाऊ कुरकुरत होता. "दाजींसाठी करू दिलं बघा. पण शेवंतीला पाखरू तोंड लावत नाय. हिथं बुजगावण्याचं काय काम?"

"बुजगावणं नाय ते," वहिनी म्हणाल्या. "अंगावर घालून उभी हाय ती. उभी राहू दे."

मी रस्त्यावरून बघत होतो, म्हणून मला मडमची, म्हणजे फ्रॉकची, पुढची बाजू दिसतच नव्हती. दिसत होता तो मटका गळा, सोनेरी पायपिंग आणि वाऱ्यावर डोलणारे दोन लटकन. दोऱ्या मस्त गाठ मारून बांधल्या होत्या.

"वहिनी, तोंड रस्त्याकडं का नाही केलं? मडम दिसली असती लोकांना."

"मडमचं काय दाखवायचं?" त्या म्हणाल्या. "पाठ त्यांची हाय. लोकांना ती दिसाया नको?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांवर मी किती चिडलो होतो, ते सगळं एकदम आठवलं. सुईत दोरा ओवून देताना कपाळाला घातलेल्या आठ्यासुद्धा आठवल्या.

तेवढ्यात रस्त्यावर एक स्कूटी थांबली. मागे बसलेल्या पोक्त बाईने खाली उतरून मळ्याकडे निरखून बघितलं, मोबाइल काढून दोन फोटो घेतले. मग बांधापाशी येऊन वहिनींना हाक मारली.

"ओ ताई, तो गळा कुणी शिवलाय हो? लटकन काय सुंदर आहेत! माझ्या मुलीचं लग्न आहे. असाच पाहिजे, आणि जरा अर्जंट आहे."

मी वहिनींकडे बघितलं. मास्तर गेल्यापासून त्या हसलेल्या मी बघितल्या नव्हत्या. त्या हसायला लागल्या. बाई गोंधळून माझ्याकडे बघू लागली, आणि वहिनी पदर डोळ्यांना लावून हसतच राहिल्या.